पाहुणा संगणक आणि अम्माच्या ओव्या

कविता लिहिणाऱ्या माणसाला संगणकावर बोलायला बोलावले, की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येणारच. माझ्याही मनात आली होती. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन, आणि संगणकाशी माझा संबंध कविता टाइप करून संपादकांना पाठवण्यापुरता. पण गेल्या वर्षी एका जुन्या संगणकाने मला असे काही शिकवले, की ते चार लोकांना सांगावेसे वाटले. तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा धूळ खात पडलेला असेल, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

माझी अम्मा जात्यावर ओव्या म्हणायची. आम्ही मुसलमान, घरात दखनी बोलणारे. पण जात्याचा खुंटा हातात आला की अम्माच्या तोंडून मराठीच यायची. माहेर, भाऊ, सासूचा जाच, मिरजेचा मीरासाहेबांचा दर्गा आणि पंढरीची वाट हे सगळे तिच्या एकाच दळणात यायचे. २००१ च्या उन्हाळ्यात मी तिच्याजवळ बसून त्या वहीत उतरवून घेतल्या. मिरजेला माझा एक मित्र डीटीपीचे काम करायचा. संध्याकाळी दुकान रिकामे झाले की तो टाइप करायचा आणि मी वाचून दाखवायचो. पुस्तक काढायचे ठरले होते. ते राहिले. २००४ साली अम्मा गेली. २००८ च्या सुमाराला मित्राने दुकान बंद केले.

वही मात्र माझ्याकडे होती, म्हणून मी निश्चिंत होतो. मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेले. आमच्या घरात खालच्या मजल्यावरचे कपाट चार दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर वही हातात घेतली तेव्हा तिचा लगदा झाला होता. शाईच्या पेनाने लिहिण्याची मला हौस, तीही नडली.

पुढे कितीतरी दिवसांनी आठवले, की मित्राच्या संगणकात त्या ओव्या असतील. मित्र आता हयात नाही. त्याच्या मुलाने माळ्यावरून तो डबा काढून दिला. चालू केला तर पंखाही फिरेना. मदरबोर्ड गेला होता. माझा भाचा पुण्यात एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हर सांभाळायचे काम करतो. बकरी ईदला तो आला तेव्हा त्याला डबा दाखवला. तो म्हणाला, ‘‘मामू, डबा मेला म्हणून डिस्क मेली असे नाही. पण घाई करायची नाही.’’

त्याने डिस्क बाहेर काढली. वीस जीबीची, आजच्या पेन ड्राइव्हहून लहान. एका जोडणीने ती लॅपटॉपला लावली आणि सर्वांत आधी तिची संपूर्ण प्रत घेतली. निवडक फायली कॉपी केल्या नाहीत. पहिल्या बिंदूपासून शेवटच्यापर्यंत आख्ख्या डिस्कचे प्रतिबिंब एका फायलीत उतरवले. काही तुकडे वाचता आले नाहीत. ते कोरे सोडून प्रत पुरी झाली. त्याला एक रात्र लागली. नंतर मूळ डिस्क पाकिटात घालून कपाटात ठेवली. ‘‘आता जे काही चुकेल ते प्रतीवर चुकेल,’’ तो म्हणाला. दुरुस्तीचा हा पहिला धडा.

प्रतीत ओव्यांची फाइल सापडली. नव्या संगणकावर कशीबशी उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरे आतून रोमन खुणांच्याच जागी बसवलेली असायची. फॉन्ट असेल तर मराठी दिसायचे, नसेल तर चिवडा. शिवाय फाइल पानांच्या मांडणीच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ते आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर बसेना, कारण त्याचा बसवायचा प्रोग्रॅमच १६ बिटांच्या जमान्यातला. थोडक्यात, ओव्या होत्या. पण त्या ज्या घरात राहत होत्या ते घर उरले नव्हते.

‘‘मग घरच उभे करू या,’’ भाचा म्हणाला. इथून व्हर्च्युअल मशीनची गोष्ट सुरू होते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःचा पडदा असतो; निदान त्याची तशी समजूत असते. प्रत्यक्षात हे सगळे खऱ्या संगणकाने उसने दिलेले असते. खऱ्या संगणकाला यजमान म्हणतात, आतल्याला पाहुणा. दोघांच्या मध्ये जो कारभारी असतो त्याला हायपरव्हायजर म्हणतात.

कल्पना नवी नाही. आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० नावाची प्रणाली तयार झाली. एका मोठ्या यंत्राचे चौदा आभासी संगणक ती करू शकत असे. पुढे १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणले. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन संशोधकांनी, कोणत्या यंत्रावर असा कारभारी नीट बसू शकेल, याचे नियम मांडले. आपल्या टेबलावरच्या संगणकांचे प्रोसेसर या नियमांत बसत नव्हते. १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने सॉफ्टवेअरच्या युक्तीने ते जमवून दाखवले. २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली. आज बँकेचे, रेल्वेचे, वर्तमानपत्राचे काम ज्या सर्व्हरवर चालते त्यांतले पुष्कळसे असे पाहुणेच असतात. लोखंडाच्या एका पेटीत पंचवीस-तीस बिऱ्हाडे.

भाच्याने डिस्कच्या प्रतीवरून पाहुणा तयार केला आणि चालू केला. पहिलीच पाटी आली: प्रोसेसरमधली ती सोय बंद आहे. लॅपटॉपमध्ये सोय होती, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणक जागा होताना पहिल्यांदा जे वाचतो त्या मांडणीत, तिचे बटण बंद होते. ते सुरू केले. तरी अडले. मग कळले, की लॅपटॉपवर दुसरा एक हायपरव्हायजर आधीच बसला होता आणि त्याने ती सोय आपल्या ताब्यात घेतली होती. एका म्यानात दोन तलवारी. दुसऱ्याला उठवले, संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा कुठे पाहुणा बोलू लागला.

बोलला काय? ‘मेमरी अपुरी आहे.’ भाच्याने पाहुण्याला दोन जीबी मेमरी दिली होती. मित्राच्या संगणकात तिचा दहावा हिस्साही नसेल. मी म्हटले, ‘‘अरे, अजून दे की.’’ तो हसला. ‘‘नाही मामू, जास्त झाली आहे.’’ नव्वदच्या दशकातली ती ऑपरेटिंग सिस्टीम ज्या काळात घडली, त्या काळी एवढी मेमरी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. समोर एवढा ढीग पाहून तिचा हिशेब कोलमडायचा आणि ती ‘कमी आहे’ म्हणून ओरडायची. भाच्याने दोन जीबीची पाव जीबी केली, आणि पडद्यावर माझ्या मित्राच्या दुकानाचा तो ओळखीचा निळा-हिरवा देखावा उभा राहिला. कोपऱ्यात त्याने ठेवलेले गणपतीचे चित्रही होते. मी खुर्चीत मागे टेकलो.

दोष सांगणारी पाटी आणि दोष यांत असे अंतर असते. म्हणून भाच्याची पद्धत सांगतो. घरच्या संगणकाला आणि मोठ्या सर्व्हरला ती सारखीच लागू पडते.

पहिला प्रश्न: काल चालत होते आणि आज बंद पडले, तर मधे काय बदलले? दुसरा प्रश्न: दोष कोणत्या मजल्यावर आहे? यजमानाच्या, कारभाऱ्याच्या की पाहुण्याच्या? एकच पाहुणा आजारी असेल तर त्याच्या आत बघा; सगळे एकदम आजारी पडले तर यजमानाकडे बघा. तिसरे, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा. भाचा एवढे संगणकाचे काम करतो, पण त्याच्याकडे शंभर पानी वही असते: तारीख, काय केले, काय झाले. चौथे, नोंदींची फाइल वाचायची. तिला लॉग म्हणतात. आपण नेहमी शेवटची ओळ बघतो. पण शेवटची ओळ नुसती रडत असते. खरी चूक तिच्या बरीच वर, पहिल्या तक्रारीत असते.

सर्व्हरच्या जगातल्या दोन गोष्टी त्याने सांगितल्या. एका कार्यालयातला पाहुणा सर्व्हर हळू चालायचा. तिथल्या लोकांनी त्याला दोनाचे चार, चाराचे आठ प्रोसेसर दिले. तो आणखी हळू झाला. यजमानाकडे खरे प्रोसेसर ठरावीकच, आणि ते सगळ्या बिऱ्हाडांत वाटायचे असतात. एसटीत एकट्यादुकट्याला उभ्याउभ्या जागा मिळते. आठ जणांच्या कुटुंबाला एकत्र बसायचे असेल तर दोन गाड्या सोडाव्या लागतात. आठाचे पुन्हा दोन केले, तेव्हा सर्व्हर पळू लागला.

दुसरी गोष्ट स्नॅपशॉटची. व्हर्च्युअल मशीनची ही फार गोड सोय आहे. एका क्षणी बटण दाबले, की त्या क्षणाची अवस्था जपली जाते. पुढे काही बिघडले तर त्या क्षणापाशी परत जाता येते. आतून काय होते ते माझ्या भाषेत सांगतो. लिहिलेल्या पानावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि पुढचे सगळे त्या कागदावर लिहायचे. खालचे पान जसेच्या तसे राहते. कागद काढून टाकला की जुने पान हजर. पण कागदाला स्वतःचे आयुष्य नाही. खालचे पान हरवले तर वरच्या कागदाचा काही उपयोग नाही. म्हणून स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. शिवाय तो कागद वाढत जातो. त्या गोष्टीतल्या लोकांनी स्नॅपशॉट घेतला आणि महिनोनमहिने तसाच ठेवला. फुगत फुगत त्याने साठवणीची सगळी जागा खाल्ली, आणि एका पहाटे त्या जागेवरचे पाहुणे एकामागून एक थबकले. अशा वेळी घाबरून ते जादा तुकडे हाताने पुसून टाकायचे नसतात. त्यांतच अलीकडचे सगळे काम असते. आधी थोडी जागा मोकळी करायची, मग कारभाऱ्याकरवी कागद मूळ पानात विलीन करायचा. भाचा म्हणतो, बदल करण्यापूर्वी स्नॅपशॉट घ्या आणि काम पार पडले की एक-दोन दिवसांत मिटवून टाका.

हे सगळे मी मान डोलावून ऐकले आणि तरीही चुकलो. ते कसे, तेही सांगितले पाहिजे.

ओव्यांची फाइल पाहुण्याच्या आत उघडली. फॉन्ट जागेवर होता, त्यामुळे अक्षरे मराठीत दिसली. मात्र त्या काळच्या मराठी सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टमध्ये एक कुलूप लावावे लागायचे. ते कुठे गेले कोणास ठाऊक, आणि लॅपटॉपला ते पोर्टही नाही. मी हताश झालो. भाचा म्हणाला, ‘‘कुलूप टाइप करायला लागते, मामू. वाचायला फॉन्ट पुरतो.’’ तसेच निघाले. नवे अक्षर लिहिता येत नव्हते, पण आहे ते उचलून इकडून तिकडे ठेवता येत होते. भाच्याने एक स्नॅपशॉट घेतला, पाहुण्याचे नेटवर्क बंद केले, कारण इतक्या जुन्या प्रणालीला इंटरनेटवर सोडणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे, आणि तो पुण्याला गेला.

तीन संध्याकाळी मी त्या ओव्या लावत बसलो. मित्राने वहीच्या क्रमाने टाइप केल्या होत्या. मला अम्माचा क्रम हवा होता. ती आधी देवाचे नाव घ्यायची, मग पिराचे, मग माहेरचे, आणि शेवटचे पसाभर धान्य उरले की भावाचे. तिसऱ्या रात्री माउसचा बाण पाहुण्याच्या चौकटीत अडकला. बाहेर येईना. मला वाटले, संगणक गोठला. घाबरून मी स्नॅपशॉट आठवला, काही कळा दाबून त्या यादीपर्यंत पोचलो आणि ‘परत जा’वर टिचकी मारली. सॉफ्टवेअरने विचारले होते, की आताची अवस्था जपून ठेवायची का? मी न वाचता पुढे गेलो. क्षणात पाहुणा तीन दिवस मागे गेला. ओव्या होत्या, पण मित्राच्या क्रमाने.

रात्री अकराला भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘गोठला नव्हता, मामू. पाहुण्याने माउस धरून ठेवला होता. सुटायची एक कळ असते. आपल्याकडे उजव्या हाताची कंट्रोल.’’ एवढेच. एक कळ. मी रागावलो नाही. रागवायला दुसरे कोणी नव्हते.

पुन्हा तीन संध्याकाळी बसलो. या वेळी रोज रात्री पाहुणा नीट बंद करून त्याच्या आख्ख्या फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर घेत होतो. गंमत अशी, की दुसऱ्या खेपेला क्रम थोडा निराळा लागला. कोणता अम्माचा होता, ते आता मलाही छातीठोक सांगता येणार नाही.

नंतर ओव्या बाहेर काढायचा प्रश्न आला. इतक्या जुन्या पाहुण्याशी फायलींची देवाणघेवाण करणारी नवी सोय चालत नव्हती. भाच्याने आभासी फ्लॉपी लावून दिली. १.४४ एमबीची, खऱ्या फ्लॉपीएवढीच. अम्माच्या सगळ्या ओव्या त्यात मावल्या आणि वर जागा उरली. मग जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये त्यांचे रूपांतर केले. तिथेही डोळ्यांत तेल घालावे लागते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफार आणि ‘वाऱ्या’तला अर्धा र हे हमखास जागा चुकतात. रूपांतर यंत्राने केले, पण एकेक ओवी मी मोठ्याने म्हणून तपासली. जिथे जीभ अडखळली तिथे चूक निघाली.

मोजल्या तेव्हा दोनशे चौदा भरल्या. वहीत पावणेतीनशेच्या आसपास होत्या. शेवटच्या साठेक ओव्या टाइप व्हायच्या राहूनच गेल्या असणार. संगणकाने त्याच्यात जे घातले होते तेवढे प्रामाणिकपणे परत दिले. न घातलेले तो कोठून देणार?

म्हणून मी मिरजेला माझ्या थोरल्या आपांकडे गेलो. त्यांचे वय पंचाहत्तर. आधी म्हणाल्या, ‘‘मला काही आठवत नाही रे.’’ मी दोनशे चौदांतल्या वाचू लागलो. पाचव्या-सहाव्या ओवीला त्यांनी मला थांबवले. ‘‘ही अशी नव्हती,’’ म्हणाल्या, आणि म्हणून दाखवली. बसल्या बसल्या उजवा हात जात्याच्या खुंट्यासारखा फिरू लागला. त्या दुपारी यादीत नसलेल्या एकोणीस ओव्या त्यांच्या तोंडून आल्या. सगळ्या फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतल्या आणि त्याच रात्री वहीतही उतरवल्या, बॉलपेनने.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून लाखावर ओव्या जमवल्या. त्या कामापुढे माझ्या दोनशे तेहतीस म्हणजे काहीच नाहीत. पण त्या माझ्या घरच्या आहेत.

मंडळी, तुमच्याकडे जुनी डिस्क, जुनी सीडी, फ्लॉपी असेल तर ती यंदाच कोणा जाणत्याला दाखवा. आधी आख्खी प्रत घ्यायला सांगा. जुना संगणक आभासी रूपात उभा राहू शकतो. पण त्याला कायमचे घर समजू नका. आतले मराठी युनिकोडमध्ये आणा, एक प्रत कागदावर छापा, एक दुसऱ्या गावी ठेवा. आणि ज्याच्या तोंडी ते मूळ आहे तो माणूस हयात असेल, तर डिस्कच्या आधी त्याच्याकडे जा.

माझा पाहुणा आजही लॅपटॉपमध्ये आहे. भाचा म्हणतो, काम झाले, काढून टाका, जागा अडते. मी कधीतरी रात्री तो चालू करतो. मित्राच्या दुकानाचा देखावा उजळतो, घड्याळ भलतीच तारीख दाखवते. ती मी दुरुस्त करत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)